तुम्हाला सुचतं कसं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात 'बी' विंगमधील आपल्या चित्रकार काकूंनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



समितीची चार माणसं माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, रांगोळी स्पर्धेचं परीक्षण करायला बोलवत असतील. इथे राहायला आल्यापासून ते काम माझ्याकडेच आहे आणि त्यापायी मी बऱ्याच जणींचा रोषही ओढवून घेतला आहे. पण ही मंडळी म्हणाली, "काकू, या वेळी बक्षीस द्यायचं नाही, बोलायचं." कशावर? तर "तुमच्या कलेवर". आता कलेवर बोलायचं म्हटलं की माणूस मोठमोठे शब्द वापरायला लागतो. ते मला जमत नाही. म्हणून मी ठरवलं की लिफ्टमध्ये मला जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो त्याचंच आज उत्तर द्यायचं. चौथा मजला येईपर्यंत ते पुरं होत नाही. प्रश्न असा, "काकू, तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते आपल्या म्हणीतच आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सुचणं म्हणजे पोहरा. तो सगळ्यांना दिसतो. आड कसा भरतो ते कुणी विचारत नाही. मी आज आडाबद्दल बोलणार आहे.

माझा आड भरायला सुरुवात झाली गिरगावातल्या चाळीत. दोन खोल्या, सात माणसं. घरात चित्र म्हणाल तर एक कॅलेंडर, तेही वाण्याने दिलेलं. त्यावर मुळगावकरांची लक्ष्मी नाहीतर रामपंचायतन. वर्ष संपलं की तारखांचा भाग कापायचा आणि देव भिंतीवर राहायचे. आणि दिवाळीत यायचे दिवाळी अंक. विकत नव्हे, वाचनालयातून. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असायची आणि अंक एका दिवसात परत करावा लागायचा, नाहीतर दंड. त्यात दलालांचा 'दीपावली' आला की घरात आधी कुणी बघायचा यावरून भांडण.

दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे, जन्म 1916 चा. मुळगावकरही गोव्याचेच. दोघांनी मुंबईत येऊन मराठी घराघरांत चित्रं पोचवली. दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला आणि 1971 साली, पंचावन्नाव्या वर्षीच, ते गेले. आज हातातल्या फोनवर जगातलं कुठलंही चित्र दिसतं, त्यामुळे मुलांना हे खरं वाटणार नाही, पण आमच्यासारख्या कितीतरी घरांत रंगीत चित्र म्हणजे कॅलेंडर आणि दिवाळी अंक, एवढंच. ते आमचं आर्ट म्युझियम.

मला मात्र मुखपृष्ठापेक्षा आतली काळी-पांढरी चित्रं जास्त आवडायची. कथेच्या डोक्यावर एखादी बाई खिडकीशी उभी. सात-आठ रेषा, बस्स. पण ती बाई रडून गेलेली आहे हे कळायचं. पुढे या धंद्यात पडल्यावर त्यामागचं एक साधं कारण समजलं. त्या काळात छपाईला जस्ताचे ब्लॉक करायचे. लाइन ब्लॉकमध्ये काळं आणि पांढरं, दोनच गोष्टी उमटतात. मधली करडी छटा हवी तर हाफटोन ब्लॉक करावा लागे. तो महाग, शिवाय त्याला कागद चांगला लागे. म्हणजे चित्रकाराला सावली, दुःख, संध्याकाळ, सगळं रेषेतूनच दाखवायचं. अडचण होती म्हणून रेष इतकी बोलकी झाली. "मला साधनं मिळाली असती तर मी काहीतरी केलं असतं" असं म्हणणारी माणसं भेटतात तेव्हा मला तो लाइन ब्लॉक आठवतो.

अंक दुसऱ्या दिवशी परत द्यायचा म्हणून मी रात्री कंदिलाच्या उजेडात बटर पेपर ठेवून चित्र गिरवून घ्यायची. आई म्हणायची, "दुसऱ्याचं बघून काढलंस, त्यात तुझं काय?" हा प्रश्न आजही पालक मला विचारतात. मुलगा कार्टून बघून काढतो, त्याचं स्वतःचं काही नाही, असं म्हणतात. म्हणून यावर जरा थांबते.

आपली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालची. तिथले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करून घेत होते. त्या काळचं अजिंठा म्हणजे रान. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून ही मुंबईची मुलं बोधिसत्त्वाची बोटं, राण्यांचे दागिने, हत्तीचे डोळे उतरवून घेत होती. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. ग्रिफिथ्स यांनी पुढे 1896-97 मध्ये दोन मोठे खंड काढले म्हणून काही तरी राहिलं. पण आग लागली ती कागदा-कॅनव्हासला. मुलांच्या हाताला जे वळण लागलं ते काही जळालं नाही. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक, पुढे नावाजलेले चित्रकार झाले.

व्हॅन गॉगचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. सूर्यफुलांचा चित्रकार. त्याने 1887 साली पॅरिसमध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांवरून तैलचित्रं केली. पुढे मनोरुग्णालयात असताना मिले या आपल्या आवडत्या चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रं समोर ठेवून त्याने वीसएक चित्रं रंगवली. समोर होत्या बिनरंगी छापील प्रती. रंग याने आपले घातले. भावाला पत्रात त्याने ते समजावलं आहे. एकाने रचलेलं संगीत दुसरा वाजवतो, तसंच हे, असा त्याचा अर्थ. आपल्याला तर हे लगेच कळायला हवं. बंदिश पिढ्यान्पिढ्या तीच असते, म्हणून गाणाऱ्याला कुणी चोर म्हणतं का?

माझ्या स्वयंपाकघरातला दाखला देते. दही लावताना विरजण शेजारणीकडून आणलं म्हणून दही शेजारणीचं होत नाही. दूध आपलं, भांडं आपलं, ऊब आपल्या घरातली. पण विरजणाशिवाय नुसतं दूध ठेवलं तर ते नासतं. दुसऱ्याची चित्रं, दुसऱ्याची पुस्तकं म्हणजे हे विरजण. आणि एक, दही लागत असताना सारखं झाकण काढून बघायचं नाही. पालकांनो, हे खास तुमच्यासाठी.

आता पुस्तकांकडे येते. चित्रकाराने चित्रं बघावीत हे ठीक, पण वाचायचं कशाला? मला तीन पुस्तकांनी तीन वेगळ्या गोष्टी दिल्या.

पहिलं, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', 1956 सालचं. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यात झाडं, फुलं, पाखरं, आभाळ यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. मी ते विद्यार्थिनी असताना वाचलं. तोपर्यंत माझ्या लेखी झाड म्हणजे खाली तपकिरी आणि वर हिरवं. या बाईंनी मला शब्दांतून रंग बघायला शिकवला. आपल्या गेटजवळचा पिंपळ घ्या. नवी पालवी फुटते तेव्हा तो हिरवा असतो का? तांबूस असतो, उन्हात तर तांब्याच्या नव्या भांड्यासारखा. आठ-दहा दिवसांत पोपटी आणि मग गडद होतो. आपण रोज त्याच्याखाली स्कूटर लावतो. यंदा बघा.

दुसरं, रावबहादूर धुरंधरांचं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. हे 1940 साली आलं. धुरंधर 1890 साली जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि 1931 मध्ये निवृत्त झाले. ही त्या एक्केचाळीस वर्षांची हकिगत. या माणसाने पौराणिक प्रसंग रंगवले, पोस्टकार्डांवर गमतीची चित्रं काढली, पोस्टरं केली, पुस्तकं सजवली. किनकेड नावाच्या साहेबाने आपल्या आदितवार-सोमवारच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, 1914 साली, त्यातली चित्रंही धुरंधरांचीच. पाटावर बसून आपल्या आज्या ज्या कहाण्या वाचायच्या, त्याच! हे पुस्तक वाचून माझ्या मनातली एक अढी गेली. 'ऑर्डरचं काम' म्हणजे खालचं काम, असं कॉलेजात कुजबुजत बोललं जायचं. धुरंधरांनी काम हलकं-भारी असं बघितलं नाही. पोस्टकार्डावरच्या बाईची नऊवारीसुद्धा नीट नेसलेली आहे.

तिसरं, व्हॅन गॉगची पत्रं. हा माणूस चित्रकलेकडे वळला तो 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. 1890 मध्ये गेला. हाताशी फक्त दहा वर्षं. हयातीत फारच थोडं विकलं गेलं. पण भावाला, थिओला, लिहिलेल्या शेकडो पत्रांत तो रडगाणं कमी गातो आणि काम जास्त सांगतो. आज कुठला पिवळा वापरला, त्याशेजारी निळा कसा ठेवला, कुठलं पुस्तक वाचलं. वाचायचा तर अधाशासारखा. डिकन्स, झोला, कितीतरी. वडील गेल्यानंतर 1885 साली त्याने एक चित्र केलं. मोठं उघडं बायबल, त्याशेजारी विझलेली मेणबत्ती आणि पुढ्यात झोलाची हाताळून मळलेली कादंबरी. वडील धर्मोपदेशक होते. बाप-लेकांचं सगळं नातं त्याने दोन पुस्तकांत रंगवलं. आणि ही पत्रं आपल्यापर्यंत आली कशी? थिओही सहा महिन्यांत वारला. त्याच्या बायकोने, योहानाने, ती जपली आणि 1914 साली प्रसिद्ध केली. पदरात लहान मूल, घरात विकली न गेलेली शेकडो चित्रं, आणि ही बाई पत्रं लावत बसली. जपणारं कुणी असेल तरच पुढच्यांच्या हाताला काही लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

आता थोडं अवघड बोलते. माझं पोट पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि मुलांच्या मासिकांतल्या चित्रांवर चालायचं. पुस्तकाचं नावसुद्धा हाताने काढायचं. शून्य नंबरचा ब्रश, पोस्टर कलर, ट्रेसिंग पेपर, टाइपाचे ब्रोमाइड कापून रबर सोल्यूशनने चिकटवायचे. एक 'क्ष' नीट वळणात बसेपर्यंत सकाळ जायची. मग कॉम्प्युटर आला. 1997 च्या सुमारास एकेक फोन बंद होत गेला. कुणी वाईट वागलं नाही. एक प्रकाशक तर फार चांगले होते, घरी येऊन चहा पिऊन म्हणाले, "ताई, आता मुलगा ऑफिसातच करतो, अर्ध्या तासात होतं." चौदा महिने माझ्याकडे एकही मुखपृष्ठ नव्हतं. घराचे हप्ते चालू होते. सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डवर लागायची. ती वाचायला मी रात्री अकरानंतर खाली यायची.

पैशाचं दुःख होतंच. पण खरं टोचत होतं ते निराळं. कुणी मागत नसेल तर मी चित्रकार आहे का? वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी विषय द्यायचं आणि मला सुचायचं. आता विषयच कुणी देत नव्हतं, आणि सुचतही नव्हतं.

त्या दिवसांत मी आपल्या क्लब हाउसमधल्या पुस्तकांच्या कपाटाशी जाऊन बसायची. तुम्हाला ते कपाट माहीत आहे. घर बदलताना जड होतात म्हणून लोकांनी दिलेली पुस्तकं. एके दिवशी त्यात 'ऋतुचक्र'ची जुनी प्रत सापडली. पहिल्या पानावर कुणा अनोळखी माणसाने आपल्या बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेलं. मी ते पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचलं. चैत्रच होता. खाली गेले, गेटजवळच्या कट्ट्यावर बसले आणि पिंपळ काढला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉचमनचा डबा उघडतानाचा हात काढला. मग भाजीवाल्या मावशी, पाण्याच्या टँकरभोवतीच्या बादल्या, या गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि राखणीला बसलेली लहानगी. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या 37 वह्या भरल्या. पुढे मुलांच्या पुस्तकांचं काम पुन्हा मिळालं, ते या वह्या बघूनच. पण ते मिळालं नसतं तरी वह्या थांबल्या नसत्या, एवढं आता मी सांगू शकते.

आपण सगळे सोसायटीवाले आहोत, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. आपण दरमहा सिंकिंग फंड भरतो. भरताना जड वाटतं आणि दिसत तर काहीच नाही. पण पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या दुरुस्तीची वेळ येते, पिलरला तडे जातात, तेव्हा तोच कामाला येतो. वाचलेलं, पाहिलेलं, गिरवलेलं, हे सगळं माझा सिंकिंग फंड होता. चाळीतल्या कंदिलापासून भरत आले होते. तडा गेला तेव्हा उघडून बघितला, तर तो पुरला.

तर 'सुचतं कसं' याचं दुसरं अर्धं उत्तर असं, रोज बसल्यामुळे. सकाळी सात ते आठ, दूध तापवून झाल्यावर मी वही घेऊन बसते. सुचलं तरी बसते, नाही सुचलं तरी बसते. प्रभाकर बरवे आपले फार मोठे चित्रकार, अलिबागजवळच्या नागावचे. त्यांनी 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं आहे. ते कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते आणि नियमाने डायऱ्या लिहीत होते. नोकरी सांभाळून. "वेळ मिळत नाही हो काकू" म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक. जपानच्या होकुसाईचं ते लाटेचं चित्र तुम्ही नातवंडांच्या टी-शर्टवर पाहिलं असेल. ते त्याने सत्तरी उलटल्यावर केलं. पंचाहत्तरीच्या सुमारास त्याने लिहून ठेवलं आहे, सत्तरीच्या आधी काढलेलं काही जमेला धरू नका, आत्ता कुठे पशुपक्ष्यांची ठेवण समजायला लागली, एकशे दहाचा झालो की माझा प्रत्येक ठिपका जिवंत होईल, अशा अर्थाचं. गेला 1849 साली, नव्वदीला टेकून. त्याच्या मानाने मी अजून शिशुवर्गात आहे. आपल्या ए विंगमधल्या एका आजोबांनी मागच्या वर्षी माझ्याकडून पेन्सिल कशी धरायची ते विचारून घेतलं. नाव सांगत नाही, ते लाजतील. सध्या ते रोज एक चप्पल काढतात. चपला सुंदर जमायला लागल्या आहेत.

आता शेवटचं. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत विषय क्रमांक 6 आहे. क्लब हाउसमध्ये व्यायामाची साधनं आणायची आहेत आणि जागेसाठी पुस्तकांचं कपाट हलवायचं आहे. हलवायचं म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नाही. माझा व्यायामाला विरोध नाही. माझे गुडघेच तो ठराव मांडतील. रजिस्टर बघितलं तर महिन्याला चार-पाचच पुस्तकं जातात, हेही खरं आहे. पण सिंकिंग फंड दर महिन्याला वापरला जात नाही म्हणून आपण तो बंद करतो का? एखाद्या घरात एखादं मूल असेल, किंवा चौदा महिने फोन न वाजलेलं एखादं मोठं माणूस असेल. ते कधी येऊन कपाट उघडेल ते कुणाला सांगता येत नाही. ते आलं तेव्हा कपाट जागेवर असलं पाहिजे, एवढंच.

म्हणून माझी सूचना लेखी देते. कपाट माझ्या विंगच्या जिन्याखाली आणा, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी स्वतः तिथे बसेन. ज्या मुलांना चित्र काढायचं असेल त्यांनी वही-पेन्सिल घेऊन यावं. फी नाही. एकच अट. खोडरबर आणायचा नाही आणि आई-बाबांनी झाकण काढून बघायचं नाही!

मसालेदूध थंड होतंय, म्हणून थांबते. सूचनेला अनुमोदक हवा आहे, सभेच्या दिवशी हात वर करा.